आठवं डोकं

निवृत्तीला एक दिवस उरला असताना मापाडींच्या बायकोने अख्खी मानवजात साबणाच्या पाण्यात बुडवली.

मापाडी हे संग्रहालयातल्या वंशदालनाचे प्रमुख. समोर येईल त्याचं डोकं ते नजरेने मोजायचे, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दालनात संस्थापकांनी जमवलेली प्लास्टरची रंगवलेली डोकी होती आणि प्रत्येकाच्या गळ्याखाली चिठ्ठी होती: विचारवंत वंश, शूर वंश, कष्टाळू वंश, लबाड वंश, अशा सात. नाकाची रुंदी आणि कवटीची लांबी घेतली की माणसाची अक्कल कळते, असं तिथलं शास्त्र. मापाडींनी ते जन्मभर शाळांच्या सहलींना ऐकवलं होतं. आता विश्वस्तांना तिथे उपाहारगृह काढायचं होतं. अध्यक्षबाई उद्या शेवटची पाहणी करणार होत्या, आणि दालन वाचवल्याशिवाय निवृत्त व्हायचंच नाही, असा पण मापाडींनी केला होता.

झाडूवाला रजेवर होता. लेक इस्पितळात रुग्णांसाठी कृत्रिम नाकं-कान बनवायची, तिला सुट्टी नव्हती. म्हणून बायको पदर खोचून आली आणि तिने डोक्यांचं कपाट पार मागपर्यंत रिकामं करून सगळी डोकी धुऊन काढली.

"अगं, चिठ्ठ्या कुठायत?"

"ह्या काय, बादलीत तरंगतायत. वाळत घालते."

"पण कुठली कुणाची?"

"ते तुम्ही सांगा. डोकं बघून माणूस ओळखता ना?"

"ओळखतोच! चिठ्ठ्या अडाण्यांसाठी असतात." मापाडींनी एक डोकं उचललं. "हे कपाळ बघ. विचारवंत!"

"कालपर्यंत हा लबाड होता. कानाचा टवका उडालाय त्याच्या, माझ्या चांगला लक्षात आहे."

मापाडी हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी वाकड्या पायांचा पितळी चिमटा काढला आणि मोजायला बसले. नाकावरून चार डोकी विचारवंत निघाली. कवटीवरून तीच चार लबाड निघाली. शूर वंशात कुणीच बसेना.

"म्हणजे विचारवंत आणि लबाड एकच की हो!"

"मधे बोलू नकोस, आकडा चुकतो."

मग त्यांनी चिमटा कुठे जरा वर सरकवला, कुठे जरा दाबला. हवा तो आकडा येईपर्यंत त्यांनी कुणालाही सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत सातही चिठ्ठ्या लागल्या. मापाडींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाहिलं, तर टेबलावर अजून एक डोकं होतं.

दुसरा कुणी असता तर डोकं खाजवून घरी गेला असता. मापाडींनी मोजलं. नाक सगळ्यांहून पसरट, कवटी आखूड, कपाळ मागे पळालेलं, कान सुपाएवढे. एकाही वंशात ते बसत नव्हतं.

"अगं, हा नवा वंश आहे! संस्थापकांना सापडला आणि चिठ्ठी लावायची राहून गेली!"

"झोपलाय वाटतं. डोळे मिटलेत."

"उघडून करणार काय? आत काही हवं ना! ह्यांना बोटंसुद्धा मोजता येत नसणार. आणि हेकट, कमालीचे हेकट. हनुवटीच सांगते."

बायकोने हनुवटी निरखली. "कुठेतरी पाहिलीय मेली," ती म्हणाली, पण आठवेना. तोवर मापाडींनी अध्यक्षबाईंना फोनवर शोध सांगून टाकला होता. बाई म्हणाल्या, असं असेल तर वार्ताहरांनाही आणते. मापाडींनी ठसठशीत अक्षरात आठवी चिठ्ठी लिहिली: अतिमंद वंश.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई आल्या, दोन वार्ताहर आले, पुष्पगुच्छ घेऊन लेकही आली. मापाडींनी चिमट्याने नाक दाखवलं, कपाळ दाखवलं, हनुवटीवर तर बराच वेळ बोलले.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "ते तुमचं आहे."

"हो गं, शोध माझाच."

"शोध नाही, डोकं! उन्हाळ्यात सरावासाठी साचा घेतला होता ना तुमचा? फुटला अशी थाप मारली मी. निवृत्तीची भेट होती ती. म्हटलं डोक्यांत डोकं लपवलं तर कोण ओळखणार!"

अध्यक्षबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग मापाडींकडे. बायकोने वाकडी झालेली चिठ्ठी सरळ केली. "हे मी लग्नापासून सांगतेय," ती म्हणाली, "आणि तेही मोजमाप न करता."

मापाडींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं भाषण ऐकताना गुपचूप स्वतःचं नाक चाचपणारी सहलीतली मुलं त्यांना आठवली, आणि फार वाईट वाटलं. पण हेकट हनुवटी ती हेकटच. सगळ्यांसमोर त्यांनी चिमटा स्वतःच्या नाकाला लावला, आकडा वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

"माप अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक चिठ्ठीत आहे."

मग त्यांनी आठही चिठ्ठ्या काढल्या आणि पाहुण्यांच्या हातात दिल्या. "लावा बघू तुम्हीच!"

अध्यक्षबाईंनी एकाला लबाड ठरवलं, कारण तो त्यांच्या दिरासारखा दिसत होता. वार्ताहरांनी त्यालाच शूर ठरवलं. दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या आणि चहा गार झाला. तासाभराने बाई म्हणाल्या, "दालन राहू दे असंच. चिठ्ठ्या बाजूला ठेवा, येईल तो लावील. उपाहारगृह काढू व्हरांड्यात."

आता तिथे गर्दी असते. येईल तो खळीने चिठ्ठ्या चिकटवतो, पुढचा येऊन बदलतो. आठव्या डोक्याला आज काय लागलंय, हे बघायला मापाडी निवृत्तीनंतरही रोज जातात. एकदा तिथे 'विचारवंत' दिसलं. ते हरखून घरी आले, तर बायकोच्या बोटांना खळ लागलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचं चहावरून जरा वाजलं. दुपारी आठवं डोकं पुन्हा अतिमंद झालं होतं.