साखरेची जागा

ओट्यावरच्या लाकडी फळीवर साखरेच्या बरणीने इतक्या वर्षांत एक डाग पाडला होता. डाग गोल होता, पण अगदी गोल नव्हे. उजवीकडे तो जरासा लांबट झाला होता, कारण बरणी नेहमी त्याच हाताने त्याच बाजूला ओढली जायची. आज त्या डागावर बरणी नव्हती. फळी स्वच्छ पुसलेली होती आणि शेजारचा चहाच्या डब्याचा चौकोनी डागही तसाच उघडा पडला होता.

गॅसवर पाणी ठेवून तिने सवयीने, न बघताच हात वर नेला होता. हात हवेत फिरून रिकामा परत आला, तेव्हा तिने मान वर केली. मग तिने संपूर्ण स्वयंपाकघरावर नजर फिरवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिचा एकही डबा दिसत नव्हता. त्यांच्या जागी एकाच मापाचे, एकाच पांढऱ्या रंगाचे प्लॅस्टिकचे डबे कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत होते. प्रत्येकावर एक अक्षर आणि एक आकडा. कपाटांच्या दारांवरही तसंच. आत काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथे चिठ्ठी नसलेली बाटली कुणी टेबलावर ठेवली तर त्याची खैर नसे. घरी तिने कधी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. गरजच नव्हती. काळ्या झाकणाचं मीठ, पोचा आलेला डबा सोड्याचा, उंच बरणी तांदळाची. बघताक्षणी सगळं कळायचं. म्हणजे, तिला कळायचं.

“आई, हा काय प्रकार आहे?”

सासूबाई बाहेरच्या खोलीत खिडकीशी रेडिओ ऐकत बसल्या होत्या. त्यांनी आवाज कमी केला, पण फार नाही.

“तू सकाळी गेलीस नि तो कामाला लागला. मला विचारायला आला, आई, तुला वरचेवर काय लागतं. मी म्हटलं, शांतता. ती काही त्याला कुठल्या डब्यात भरता आली नाही.”

“आणि आता गेलेत कुठे?”

“पट्ट्या आणायला. फळ्यांना कसल्याशा पट्ट्या लावायच्यात म्हणे.”

नवरा आयुष्यभर एका मोठ्या गोदामाचा कारभार बघत होता आणि नुकताच निवृत्त झाला होता. पहिले काही दिवस तो झोपला. मग त्याने चपलांचं कपाट लावलं, औषधांचं लावलं, सासूबाईंच्या शालींची घडी बदलली. आपल्या ओट्यापर्यंत तो येईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. यायला हवं होतं.

आणि आजच. मोठ्या मॅडम, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, कुठल्याही क्षणी येणार होत्या. दुसऱ्या गावात नवी प्रयोगशाळा उभी राहत होती आणि ती हिने सांभाळावी असं मॅडमनी केव्हाच सुचवलं होतं. हिने उत्तर दिलं होतं, घरी विचारून सांगते. मॅडम दर आठवड्याला आठवण करायच्या आणि ही दर आठवड्याला तेच सांगायची. शेवटी आज सकाळी मॅडम म्हणाल्या होत्या, तुझ्याकडे चहाला येते, आणि उत्तर घेतल्याशिवाय उठायची नाही. उत्तर नाही दिलं तर उद्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव कळवावं लागेल. घरी तिने फक्त चहाचं सांगितलं होतं.

तिने पहिला डबा उघडला. तांदूळ. दुसरा उघडला. पांढरी भुकटी. जिभेवर ठेवली असती तर प्रश्न मिटला असता. पण ओळख पटल्याशिवाय कुठलीही पांढरी गोष्ट तोंडात घालायची नाही, हे ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी बजावत असे. तिने चिमूटभर भुकटी ओल्या बोटांत चोळली. बुळबुळीत लागली. धुण्याचा सोडा. तांदळाला खेटून.

पुढे काळे मिरे होते आणि त्यांच्या पलीकडे विजेचे दिवे. चहाची पावडर सापडली ती भांडी घासायच्या साबणाच्या मागे. साखर कुठेच नव्हती. एक डबा उघडल्यावर आशा वाटली, पण खिडकीशी नेऊन बघितलं तर दाणे बारीक आणि चौकोनी. मीठ. तोवर गॅसवरचं पाणी आटून गेलं होतं. तिने ते पुन्हा भरलं.

मग ती खालच्या कपाटांकडे वळली. दार ओढलं. उघडेना. दुसरं ओढलं. तेही नाही. जोर लावला तेव्हा दार केसभर पुढे आलं आणि आत काहीतरी अडून बसलं.

“कुलपं आहेत आतून,” बाहेरून आवाज आला. “लोहचुंबकाची. बाहेरून चुंबक लावला की उघडतात. मी विचारलं त्याला, घरात उंदीर नाही, चोर नाही, मी तर वाकूही शकत नाही, मग बंदोबस्त कुणासाठी? तर म्हणाला, शिस्त.”

“आणि चुंबक?”

“तो त्यालाच माहीत.”

तिने नवऱ्याला फोन लावला. फोन वाजला. अगदी जवळ वाजला. खाली वाकून तिने कान लावला, तर ओट्याखालच्या बंद कपाटात तो थरथरत, गुणगुणत पडला होता. वाजून वाजून थकला आणि गप्प झाला. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तिला फक्त नवऱ्याचा राग येत होता. आता त्या दारांचा, डब्यांचा, अक्षरांचा आणि आकड्यांचाही यायला लागला. आपल्याच घरात कुणीतरी आपल्याला कोंडून, बाहेर बसून गंमत बघतंय असं तिला वाटलं.

फ्रिजवरचा शोभेचा चुंबक तिने लावून बघितला. त्याला स्वतःचंच वजन पेलवत नव्हतं. यापेक्षा ताकदीचा चुंबक या घरात कुठे असेल? विचार करता करता तिची नजर सासूबाईंच्या रेडिओवर गेली. जुना, जडशीळ रेडिओ. स्पीकरही तसाच दणकट.

“हात लावायचा नाही,” सासूबाई तिचा चेहरा बघूनच म्हणाल्या.

“खोलत नाही आई, नुसता दाराला टेकवते.”

“मग मी धरणार. आणि बंद करायचा नाही. हवामान सांगतायत.”

घराचं दार नवऱ्याने जाताना नुसतं लोटून ठेवलं होतं, येताना दोन्ही हात भरलेले असतील म्हणून. त्यामुळे मोठ्या मॅडमना घंटा वाजवावी लागली नाही. त्या आत आल्या तेव्हा त्यांची सर्वांत काटेकोर सहकारी फरशीवर गुडघे टेकून एक बोंबलता रेडिओ कपाटाच्या दारावर खालीवर फिरवत होती आणि एक वयस्क बाई त्याचा पट्टा घट्ट धरून वर उभ्या होत्या. उद्या आकाश निरभ्र राहील, असं रेडिओ कपाटाला सांगत होता.

“मी नंतर येऊ का?” मॅडमनी विचारलं.

“खट्,” असा आतून आवाज झाला.

दार उघडलं. आत झाकणं होती. घरातल्या यच्चयावत भांड्यांची झाकणं, मापाप्रमाणे, उभी. भांडं एकही नव्हतं.

मॅडमनी पर्स ओट्यावर ठेवली आणि बाह्या वर केल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हसू दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही, आणि ते तिने बघितलं. पुढच्या कपाटात नवऱ्याचा फोन निघाला. त्याच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीने बांधून, तिच्या सगळ्या जुन्या बरण्या ठेवलेल्या होत्या. धुऊन, पुसून, रिकाम्या. कुणी मेल्यावर त्याचे कपडे बांधून ठेवतात तशा.

साखरेची बरणी तिने हातात घेतली.

नेमका तेव्हाच नवरा पट्ट्यांचं भेंडोळं काखेत मारून आत आला. पाहुण्यांना बघून खूश झाला. त्यांनी काही विचारण्याआधीच सगळी रचना समजावून सांगायला लागला. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवायच्या नाहीत, घेणाऱ्याची चूक होते. झाकणं भांड्यांपासून वेगळी, म्हणजे जागा वाचते. सगळे डबे एका मापाचे, म्हणजे एकावर एक बसतात. बोलता बोलता त्याने खिशातून चुंबक काढून दाखवला.

“साखर कुठे आहे?” तिने विचारलं. आवाज अगदी खालच्या पट्टीत होता. प्रयोगशाळेत हा आवाज ऐकला की लोक जेवणाची सुट्टी पुढे ढकलत.

“सोपं आहे. सगळ्यांत जास्त लागणारी वस्तू दाराशी.”

“कुठल्या दाराशी?”

“घराच्या. चपलांच्या कपाटात, वरचा खण. खास रिकामा केला.”

गॅसवरचं पाणी पुन्हा आटलं होतं आणि पातेलं तडतडायला लागलं होतं. मॅडमनी हात लांबवून गॅस बंद केला.

“माझ्या मीठमिरचीला हात लावायच्या आधी विचारायचं तरी होतंत,” ती म्हणाली. “माझं स्वयंपाकघर आहे हे. डोळे मिटून चालत होतं सगळं.”

“तुझे डोळे मिटून,” नवरा म्हणाला. आता त्याचाही पारा चढला होता. “मी नि आई दिवसभर घरात असतो. साखर विचारली की तू फोनवर सांगतेस, समोरच तर आहे. समोर पंधरा बरण्या. एकदा चहात सोडा घातला मी. तेव्हापासून आम्ही दोघं बिनसाखरेचा पितोय.”

“खरंय ते,” सासूबाई म्हणाल्या. “आता सवयही झाली.”

“म्हणून चपलांत ठेवायची? आणि मी मूर्ख, मॅडमना महिनोन् महिने झुलवत ठेवलंय. या घरापायी. माझ्यावाचून इथलं पान हलणार नाही म्हणून मी नव्या प्रयोगशाळेवर पाणी सोडत होते.”

“कुठली नवी प्रयोगशाळा?” नवऱ्याने विचारलं.

ती थांबली. नवऱ्याकडून तिची नजर सासूबाईंकडे गेली, तिथून मॅडमकडे. मॅडम नळाखाली बोट धरून ते फार लक्षपूर्वक धूत होत्या.

“मला तर म्हणत होतीस, घरी विचारून सांगते,” मॅडम नळाकडे बघतच म्हणाल्या.

“विचारलंस कधी?” नवरा म्हणाला. “हेही समोरच होतं का?”

तिने हातातली रिकामी बरणी ओट्यावर ठेवली.

सासूबाईंनी रेडिओ बंद केला. आज पहिल्यांदाच.

“मला विचारलं असतंस तर मी तेव्हाच जा म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “एका ओट्याला दोन गोदामवाले म्हणजे आमच्यासारख्यांनी उपाशी मरायचं. एक कुणीतरी कमी व्हा बाई.”

ती बाहेर गेली. चपलांचं कपाट उघडून तिने वरच्या खणातला पांढरा डबा काढला, आत आणला आणि फळीवरच्या जुन्या डागावर ठेवला. डबा चौकोनी होता. गोल डाग त्याच्याखाली पुरा झाकला गेला आणि डब्याचे चारही कोपरे बाहेर आले. तिने डबा जरा डावीकडे सरकवला, जरा उजवीकडे, आणि मग सोडून दिला. ओट्यावर नवऱ्याचं पेन पडलं होतं. ते घेऊन तिने डब्यावरचं अक्षर आणि आकडा खोडला आणि खाली ठळक लिहिलं, साखर.

“बाकीच्यांवर तुम्ही लिहा,” तिने पेन नवऱ्यासमोर धरलं. “सगळ्यांवर. सोड्यापासून सुरुवात करा.”

मग ती मॅडमकडे वळली. राग अजून उतरला नव्हता, आणि आवाजही तोच होता, खालच्या पट्टीतला.

“मॅडम, उद्या दुसऱ्या कुणाचं नाव कळवू नका. मी जातेय.”