देवरेकाकांचं विरजण

"मोगऱ्याच्या वासात इंडोल असतं, वहिनी. मढ्यातही तेच असतं, फक्त जास्त." लग्नाला निघालेल्या बाईच्या गजऱ्याबद्दल असं बोलणारा माणूस माझा सख्खा शेजारी आहे. त्या दिवशी जिन्यातच गजरा काढून पर्समध्ये कोंबला मी.

देवरेकाका गुन्ह्यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. प्रेत कुजताना कुठली रसायनं सुटतात, कुठला वास कधी येतो, यात त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त आणि एकटे. नाक मात्र अजून नोकरीवरच! पुट्रेसिन, कॅडाव्हरिन ही मढ्याच्या वासांची नावं तर माहेरवाशिणींसारखी कौतुकाने घेतात. नदीकाठच्या बाजारात कोबी हुंगायला लागले की भाजीवाली म्हणते, "बाबा, घ्यायचा तर घ्या, नायतर पुढं व्हा."

आणि एवढ्या रसायनवाल्याला दही लावता येऊ नये? रोज सकाळी वाटी घेऊन दारात हजर. "चमचाभर विरजण, वहिनी." अहो, कालच्या दह्यातलंच चमचाभर ठेवायचं असतं, हे सांगून माझं तोंड दुखलं. "ठेवायचं राहिलंच की," म्हणून हसायचे. चिक्कू मेला, असं मी ह्यांच्याजवळ म्हणायचे.

मागच्या आठवड्यात एका सकाळी काका आलेच नाहीत. आधी म्हटलं, बरं झालं. पण पोळ्या झाल्या तरी पत्ता नाही, तेव्हा जीव थाऱ्यावर राहीना. मीच वाटीत विरजण घेऊन बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. अंगात ताप, धड उभं राहवत नव्हतं. त्यांना बसवून दूध काढायला फ्रीज उघडला, तर आत दह्याची तीन भांडी, सुरीने कापावं असं घट्ट. मी विचारलं, मग रोज मागता कशाला?

काकांनी पांघरूण अंगावर ओढून घेतलं. मग सांगितलं. त्यांची ताई कळवणला एकटी राहायची. वास आला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, उंदीर मेला असेल. दार काकांनीच उघडलं, आणि ती जाऊन किती दिवस झाले, हे त्यांना उंबऱ्यातच कळलं.

"वास नेहमी उशिरा येतो, वहिनी," ते म्हणाले. "म्हणून रोज वाटी घेऊन येतो. एखाद्या दिवशी नाही आलो, तर कुणाच्या तरी लक्षात यावं."

मला रडू आवरेना. काकांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि भीतभीत विचारलं, "आज कधी लक्षात आलं?"

"पोळ्या झाल्यावर."

"म्हणजे लवकरच आलात हो," म्हणाले, आणि पांघरुणात तोंड लपवून लहान मुलासारखे रडले.