कप्तान ककहराची वामकुक्षी

कप्तान ककहरा लहान मुलांच्या योग्यतेचा आहे की नाही, हे ठरवायचं काम गुलाबराव खडतकरांकडे आलं ते दुपारी सव्वादोनला. तेच काम सकाळी अकराला आलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं होतं, पण शहराच्या ते अजून अंगवळणी पडलं नव्हतं. दुपार झाली की राजधानी पुन्हा गाव व्हायची. शिशुज्ञान संचालनालय एका भाड्याच्या बंगल्यात भरत असे. टेबलं भोपाळहून आली होती आणि त्यांच्या खणांच्या किल्ल्या भोपाळलाच राहिल्या होत्या, त्यामुळे कामं उघड्यावर करावी लागत. गुलाबराव इथले बडे बाबू. घराणं वर्ध्याकडचं, वडील रेल्वेत होते म्हणून रायपूरचे झालेले. सेवानिवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि नावावर एकच डाग होता. मार्चमध्ये संचालक साहेबांनी त्यांना फाइलवर गाल टेकून झोपलेलं पाहिलं होतं. लेखी ताकीद मिळाली: पुन्हा ड्यूटीवर झोपलात तर कोंट्याला बदली. कोंटा म्हणजे राज्याचं अगदी दक्षिणेकडचं टोक. तिथं जायला बस दिवसभर चालते आणि मग तीही थकते.

त्यामुळे त्या दुपारी गुलाबराव अत्यंत सावधपणे मागच्या खोलीत गेले. तिथं टीव्ही होता, सीडी लावायचं यंत्र होतं आणि कूलर होता. कूलरला त्याच दिवशी नवा वाळा लावलेला. शहरातल्याच पंडरी बाजारातल्या एका कंपनीनं अंगणवाडीच्या पोरांसाठी बनवलेलं चाळीस मिनिटांचं कार्टून सुरू झालं. छातीवर पाटी, पाठीवर लाल झूल, मागे खडूच्या धुराची शेपटी. कप्तान ककहरा, म्हणजे आपल्याकडचा कप्तान बाराखडी, निरक्षरासुराशी लढायला निघाला. गुलाबरावांनी पेन हातात धरलं, पाठ ताठ केली. वाळ्याचा ओला वास आला.

कप्तान उडत उडत सिलतऱ्याच्या कारखान्यांवर गेला. चिमण्यांच्या धुरात त्याची झूल काळी झाली. मग तो संथपणे वळला आणि पुरानी बस्तीच्या कौलांवरून येऊ लागला, इतका खाली की देवळांच्या झेंड्यांनी त्याचं पोट चाटलं. एका गच्चीवर सांडग्यांसारख्या बड्या वाळत घातल्या होत्या. त्यांना पाय न लागू देता तो उतरला, टाकीच्या सावलीत आडवा झाला, झूल तोंडावर ओढली आणि म्हणाला, "घडीभर डोळा लागू दे रे बाप्पा." शेजारच्या गच्चीवरून कडुनिंबाची पानं त्याच्या पाटीवर पडत राहिली. कुणीच त्याला उठवलं नाही.

गुलाबराव भानावर आले तेव्हा पडदा निळा झाला होता. त्यांना कार्टून आवडलं होतं, पण आवडणं वेगळं आणि प्रपत्र वेगळं. त्यांनी रकाने भरले. भाषा: शुद्ध. हिंसा: असुरापुरती. 'आपत्तिजनक', म्हणजे आक्षेपार्ह, 'दृश्य' या रकान्यापाशी मात्र ते कठोर झाले. ताकीद मिळालेला माणूस या बाबतीत कठोर असतोच. त्यांनी लिहिलं: 'मिनट बाईस. नायक ड्यूटी पर छत पर सो जाता है. नींद में मराठी बोलता है. बालकों पर कुप्रभाव.' संचालक साहेबांनी न बघता खाली 'सहमत' लिहिलं आणि फाइल पंडरीला गेली.

चौथ्या दिवशी भैय्यालाल आला. साड्यांच्या ठोक दुकानाच्या वरच्या खोलीत बसून त्यानंच ते कार्टून काढलं होतं. तो उभ्या-उभ्याच म्हणाला, "बड़े बाबू, बाईस मिनट पे तो कप्तान 'ग से गमला' पढ़ा रहा है. सोता किधर है?"

"ठीक से देखो, भैया."

"मैं क्या देखूँ? एक-एक चित्र मैंने अपने हाथ से बनाया है."

गुलाबरावांना कोंट्याच्या बसचा हॉर्न ऐकू आला.

संध्याकाळी त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. पद्मिनीबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला.

"तुमी झोपले होते."

"मी पाहून राहिलो होतो. डोळे उघडे होते माह्ये."

"झोपेत तुमचे डोळे अर्धे उघडेच असतात. लगन झालं तवा हप्ताभर मले भेव वाटे. साहेबाले खरं सांगून टाका ना."

"अन् कोंट्याले तू येशीन माह्यासंगं?"

पद्मिनीबाईंनी एक वांगं उलटंसुलटं करून पाहिलं. "फोन करत जाईन मी," त्या म्हणाल्या.

तेव्हा दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी भैय्यालालला खरं सांगायच्या ऐवजी नियम सांगितला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा फरक चांगला कळत होता. आपत्तीवर साहेबांची सही झाली, म्हणजे दृश्य आहे. दृश्य काढल्याशिवाय मान्यता नाही. आणि काढलेलं दृश्य वेगळ्या सीडीत घालून फाइलला जोडल्याशिवाय ते काढलं असं मानता येत नाही.

भैय्यालालनं खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. "मतलब पहले बनाऊँ, फिर काटूँ."

"हव," गुलाबराव म्हणाले.

भैय्यालाल कलाकार माणूस. पहिले दोन दिवस त्यानं हे काम चिडून केलं, मग त्यात रमला. गच्ची केवढी, टाकी सिमेंटची की काळी, पानं सरळ पडतात की गिरक्या घेत, हे विचारायला तो रोज बंगल्यावर येऊ लागला. गुलाबराव डोळे मिटून सांगत आणि तो काढत जाई. एकदा त्यानं सहज विचारलं, "ये सपना है क्या, बड़े बाबू?"

"प्रपत्र है," गुलाबराव म्हणाले.

मग आवाजाची अडचण आली. झोपेत मराठी बोलणारा माणूस पंडरीत मिळेना. शेवटी गुलाबरावच गेले. साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये माइक टांगला होता. वेळ दुपारची, गठ्ठे मऊ, खाली दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं आणि तो आवाज लांबच्या पावसासारखा येत होता. भैय्यालालनं सांगितलं, आडवे होऊन बोला, नॅचरल येईल. गुलाबरावांनी वाक्य म्हटलं. पुढची सहा मिनिटं जे रेकॉर्ड झालं, ते म्हणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भैय्यालालनं त्यातलं एक अक्षरही वाया घालवलं नाही.

इथंच हे मिटायचं. दृश्य बनलं होतं, आता कापायचं. पण संचालक साहेबांना नेमका त्याच आठवड्यात उत्साह आला. आपत्ती एवढी गंभीर आहे, तर कापण्याआधी मुलांवर काय परिणाम होतो तो तपासू, असं त्यांनी ठरवलं. पुरानी बस्तीतली एक अंगणवाडी निवडली. साहेब, उपसंचालक, बालमानसशास्त्राचे एक प्राध्यापक, भैय्यालाल आणि लिहून घ्यायला गुलाबराव. वेळ, जेवणानंतर, दुपारी दोन.

तीस पोरं खिचडी खाऊन चटईवर बसली होती. पहिली वीस मिनिटं त्यांनी एकमेकांना चिमटे काढले. बाविसाव्या मिनिटाला कप्तान गच्चीवर उतरला. टाकीची सावली पडली, झूल तोंडावर आली, पानं गिरक्या घेत येऊ लागली आणि त्या सगळ्याखालून एक घोरणं सुरू झालं. खोल, संथ, मालगाडीसारखं. पुढची पोट्टी आडवी झाली. तिच्यामागे एक रांग कलली, मग दुसरी. सेविका कलावतीबाई कुजबुजत म्हणाल्या, "आठ वर्सांत पयल्यांदा सारे एका टायमाले झोपले, भाऊ." एवढं बोलून त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं. प्राध्यापकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. उपसंचालक भैय्यालालच्या खांद्यावर गेले आणि भैय्यालाल त्यांच्या. साहेबांची हनुवटी टायवर उतरली.

जागे राहिले फक्त गुलाबराव. त्यांना झोप येणं शक्यच नव्हतं, कारण जन्मात पहिल्यांदा ते स्वतःचं घोरणं ऐकत होते. आधी त्यांना वाटलं, शेजारी कुणी गिरणी लावली आहे. मग त्यांना पद्मिनीबाईंची आठवण आली, आणि तीही फार आदरानं.

घोरणं थांबलं. कार्टून पुढे सरकलं. गुलाबराव ते आज खरोखरच पहिल्यांदा बघत होते. एकतिसाव्या मिनिटाला कप्तानानं पंजा पसरला आणि मोजून दाखवलं: "एक हाथ में उँगलियाँ पाँच." गुलाबरावांनी मोजली. चार होती. त्यांनी स्वतःची मोजली, ती पाच होती. कप्तानानं दुसरा पंजाही वर केला, त्यातही चारच. "दोनों मिलाकर दस," असं म्हणून तो आनंदानं हसला.

खोलीत कुणीच हललं नाही. गुलाबरावांनी प्रपत्र मांडीवर घेतलं. लिहिलं, तर साहेब विचारणार की पहिल्या वेळी बोटं दिसली नाहीत का, तेव्हा काय करत होतात. आणि त्याचं उत्तर कोंट्याच्या बसमध्ये बसून द्यावं लागणार. नाही लिहिलं, तर कुणालाच काही कळणार नाही. राज्यभरातली पोरं आठाला दहा म्हणत मोठी होतील, एवढंच. ती चटईवर पसरली होती, तळवे उघडे टाकून, जणू कुणीतरी येऊन मोजावीत म्हणून. एका पोट्टीनं झोपेत त्यांच्या पँटचा काठ धरला होता. अंगठा धरून पाच बोटं. गुलाबरावांनी पेनाचं टोपण काढलं.

शेवटी विजयाचा बाजा वाजला आणि सगळे एकदम ताठ झाले. साहेबांनी टाय नीट केला. "बढ़िया," ते म्हणाले. "काफ़ी बढ़िया."

"सर, एक आपत्ति है," गुलाबराव म्हणाले. "इकतीसवाँ मिनट. गिनती पाँच की है, उँगलियाँ चार."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उपसंचालकांकडे पाहिलं, त्यांनी प्राध्यापकांकडे. प्राध्यापक चष्मा शोधत होते.

"हाँ," साहेब सावकाश म्हणाले. "मैंने भी नोट किया था."

"मुझे भी खटका था, सर," उपसंचालक म्हणाले. प्राध्यापकांनी तर आपल्याला हे साडेतीसलाच जाणवलं होतं असं सांगितलं.

भैय्यालाल स्वतःचा पंजा पाहत होता. "कार्टून में चार ही बनाते हैं, सर. सब जगह. मेहनत बचती है."

"यहाँ पाँच बनेंगी," साहेब म्हणाले. पहिल्या वेळी बोटं का दिसली नाहीत, हे कुणीही विचारलं नाही. तिघांनीही भराभरा सह्या केल्या. कलावतीबाईंच्या आग्रहावरून गच्चीचं दृश्य 'बालकों पर अत्यंत प्रभावी' ठरलं आणि आहे तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गुलाबरावांना आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. गुलाबरावांनी मनात सामान बांधायला घेतलं: ट्रंक, मच्छरदाणी, पद्मिनीबाईंचा फोन नंबर. साहेब पेपरवेट फिरवत राहिले. खिडकीबाहेर दुपार पिवळी होत होती.

"खडतकर जी," साहेब फार हळू बोलले, "परसों मंत्रीजी को ब्रीफ़ करना है. वो जो निरक्षरासुर था... आख़िर में उसका होता क्या है?"

साहेबांच्या टेबलासमोर दोन गादीच्या खुर्च्या होत्या, पाहुण्यांसाठी. त्यातली एक गुलाबरावांनी बाहेर ओढली, गादीवर हात फिरवून पाहिला आणि नीट टेकून बसले.

"बताता हूँ, सर," ते म्हणाले. "पहले चाय बुलवाइए."