दातानं पंप ऐकणारा मेस्त्री

१९९७ साली बसगोंडा अण्णा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि पंप दातानं ऐकायचे. बाकीचे मेस्त्री स्क्रूड्रायव्हर कानाला लावतात. अण्णा त्याचं टोक चालू पंपाच्या बेरिंगवर टेकवायचे, लाकडी मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा ऊस खातोय. मग मूठ धोतराला पुसून निकाल, "आतल्या गोळ्या फुटाणं चावायल्यात."

मी कागलजवळ दूधगंगेच्या काठी, गावच्या पाणीसंस्थेच्या पंपावर ऑपरेटर. शाळा चौथीपर्यंत, पण पंपातलं मला कुणी शिकवावं हे कधी खपलं नाही. अण्णा मला तम्मा म्हणायचे. त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ. धाकटेपणा मला मान्य नव्हता, पण तेही ऐकणाऱ्यातले नव्हते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बेरिंग आपसूक मरत न्हाई, तम्मा. त्येला कोणतरी मारतंय." मेलेलं बेरिंग रॉकेलात धुवून गुडघ्यावर घ्यायचे आणि फौजदारासारखा पंचनामा करायचे. ग्रीस जादा कुणी कोंबलं? हातोड्यानं कुणी ठोकलं? गुन्हेगार कबूल होईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत, दुसऱ्यालाही लावू द्यायचे नाहीत. मागून कुणी काही विचारलं तर उत्तर नाही, मानसुद्धा वळवायचे नाहीत. लोक म्हणायचे, बसगोंडाला गर्व झालाय.

त्या उन्हाळ्यात आमच्या पंपाचं तिसरं बेरिंग गेलं. तिन्ही अण्णांकडून नुसती मागवून घेतली होती आणि बसवली मीच. त्यांना बोलावणं कमीपणाचं वाटलं. आता पंप असा थरथरायचा की वर ठेवलेला पाना चालत जाऊन खाली पडायचा. ऊस वाळायला लागला. सभासद पंपघराच्या दारात येऊन माझा उद्धार करू लागले. अखेर अण्णांना निरोप धाडला.

अण्णांनी बेरिंग खोललं. रिंगवर गोळ्यांची वाट सरळ उमटायला पाहिजे, ती तिरकी गेली होती. ते उठले, पाना घेतला आणि नदीतून येणाऱ्या पाईपचे बोल्ट ढिले करू लागले. शेवटचा बोल्ट सुटला तसा पाईप खाडकन दोन बोटं बाजूला गेला.

पावसाळ्यानंतर पाईप जोडताना तो पंपाच्या तोंडाला जुळत नव्हता. मी चेनपुलीनं ओढून बोल्ट आवळले होते, वर मिशीला पीळ दिला होता. तेव्हापासून तो पाईप पंपाला एका अंगाला ओढत होता आणि बेरिंगं त्यात मरत होती.

एवढ्यात संस्थेचे चेअरमन आले, अण्णांच्या समोर उभे राहिले. "काय अण्णा, कुणी मारलं आमचं बेरिंग?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मीच. मी आणून दिलेली बेरिंगंच हलकी निघाली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मग आता आम्ही कोल्हापुरातनं दुसरा मेस्त्री बघतो."

अण्णांनी मान हलवली आणि पाईपखाली टेकू लावायला बसले.

नवं बेरिंग घालून, पाईप न ओढता जुळवून पंप सुरू केला, तेव्हा दिवस कलला होता. बेरिंगवर रुपया उभा केला, तो उभाच राहिला. अण्णा बाहेर जाऊन नदीकडं तोंड करून पायरीवर बसले.

मी मागून विचारलं, "अण्णा, माझं पाप अंगावर का घेतलंसा?" उत्तर नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा ओरडलो. काठावरचे बगळे उडाले, अण्णा हलले नाहीत. मग पुढं जाऊन उभा राहिलो.

माझ्या ओठांकडं बघत ते बारीक हसले. "कळलं व्हय? चार वरसं झाली. घरात सून बोलती, नातू बोलतोय, नुसती तोंडं हलत्यात. पंप तेवढा दातातनं बोलतोय माझ्यासंगं." मग म्हणाले, "कुणाला सांगू नको. भैऱ्या मेस्त्रीला पंपाला हात कोण लावू देईल?"

"मग खोटं कशाला बोललासा?"

"तुझी नोकरी हाय, तम्मा. माझी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन गोठ्यात धार काढत होते. मी म्हशीच्या पलीकडं उभा राहिलो. अण्णांच्या कानांबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणालो, "पाईप मी ओढून बसवलावता. मेस्त्री ठेवा, ऑपरेटर बदला."