जावयाच्या न्यूटचा पाहुणचार

"गार पाणीच द्या त्याला, आई. खडे-बिडे काही नकोत. फक्त झाकण घट्ट लावा," असं सांगून जावईबापूंनी काचेची टाकी टेबलावर ठेवली. टाकीत त्यांचा लाडका न्यूट होता. कूळ बेडकाचं, अंग पालीचं आणि तोरा थेट जावयाचा.

दोघं दोन दिवस परगावी निघाली होती. मुलगी दारातून मागे वळली. "आई, जपून गं. माझं मांजर ठेवलं तर त्याला चालता येईना इतकं खायला घातलंस. कुंड्या ठेवल्या, त्या पाण्यानं कुजवल्यास. तू लाडानं मारतेस सगळ्यांना. याला काही झालं ना, तर मी यांना तोंड कसं दाखवू?"

सासूबाईंच्या वर्मी बसलं ते. चार पोरं काय वाऱ्यावर वाढली? आता हे बोटभर जनावर ठणठणीत परत देऊन दाखवायचंच!

जावयाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पण ते जसंच्या तसं धरायचं नसतं, एवढी अक्कल त्यांना होती. जावई 'पुरे' म्हणाला की आणखी वाढायचं, 'गार द्या' म्हणाला की तापवायचं. भिडस्त माणूस! त्यांनी कोपर बुडवून, तान्ह्या बाळाच्या अंघोळीसारखं कोमट पाणी टाकीत ओतलं. तळाला रंगीत खडे, मधोमध प्लॅस्टिकचं झाड. आणि जीव गुदमरू नये म्हणून झाकण काढून ठेवलं.

"अहो, बघा तरी! लगेच शेंड्यावर जाऊन बसला. आवडलं त्याला."

"आवडलं असतं तर खाली बसला असता," पेपरामागून नवरा म्हणाला.

"तुम्ही तो बेसिनखालचा गळका नळ बघा आधी. महिना झाला, खाली घमेलं लावून बसलेय मी."

वाळलेले कपडे काढून त्या परत आल्या, तर झाड रिकामं.

बाईंनी सोफा सरकवला, कपाटाखाली झाडू घातला, चपला एकेक करून झटकल्या. "जागचे हलू नका! पायाखाली आला तर मुलीचा संसार चिरडाल!" नवरा एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला.

शेवटी सापडला तो बेसिनखाली. घमेल्याच्या काठावरून लोंबणाऱ्या ओल्या फडक्यावर चढून महाराज आत उतरले होते आणि घमेलं हलू नये म्हणून ठेवलेल्या विटेवर अर्धं अंग टेकून बसले होते.

"उचल की," नवरा म्हणाला.

"हात लावला आणि मेला म्हणजे?" बाई हात मागे घेत म्हणाल्या. त्यांनी घमेल्यावर पिठाची चाळणी पालथी घातली, वर वरवंटा ठेवला आणि समोर स्टूल टाकून बसल्या. नवऱ्याला दात घासायलाही अंगणात धाडलं. चाळणीतून दर घटकेला विचारायच्या, "आहेस ना रे बाबा?" तो उत्तर द्यायचा नाही. जावयाच्याच वळणावर गेला होता.

दोन दिवसांनी बेल वाजली. टेबलावर टाकी रिकामी, आणि जावयाचं लेकरू गळक्या नळाखाली! बाईंनी बेसिनकडे बोट केलं आणि डोळे मिटून घेतले.

जावई वाकले. चाळणी उचलून आत डोकावले.

"आई…" ते घमेल्याकडे बघतच म्हणाले. "गार पाणी, अंधार, टेकायला वीट, वरून थेंब थेंब. आणि हवा येईल पण पळता येणार नाही असं झाकण! याच्यासाठी किती टाक्या केल्या मी, इतका खूश कधी दिसला नाही. राहू दे इथेच तुमच्याकडे."

"नळामुळे झालं ते," नवरा छाती फुगवून म्हणाला. "म्हणून तर मी दुरुस्त करत नव्हतो."

मुलगी मात्र आईकडे रोखून बघत होती. "आई, खरं सांग. तू काय केलंस याला?"

"मी? मी त्याला हातसुद्धा नाही लावला," सासूबाई पदर खोचत ठसक्यात म्हणाल्या.

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना सुखाची जांभई आली, कारण बोलणं अगदी खरं होतं.