डोंगर हजर, अर्जदार गैरहजर

निसर्ग भव्य असतो; पण सक्षम अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय त्याला भव्य धरता येत नाही. हे तत्त्व ज्या कार्यालयाला सर्वांत आधी उमगले, तिथे आपले जावक लिपिक एकतीस वर्षे बाहेर जाणाऱ्या पत्रांवर तारखेचा शिक्का मारत होते. स्वतः मात्र ते कुठेही जात नव्हते.

या कार्यालयात 'भव्य निसर्गदर्शन रजा' नावाची अकरा दिवसांची अत्यंत दूरदर्शी सवलत आहे. (डोंगर किमान हजार मीटर उंच हवा. टेकड्यांचे अर्ज विचारात घेतले जात नाहीत. परतल्यावर थक्क झाल्याचा फोटो पुरावा म्हणून जोडावा लागतो.) कर्मचाऱ्यांची पहिली पसंती फ्योर्डला. म्हणजे जिथे समुद्र डोंगरांच्या मधोमध लांबवर घुसलेला असतो आणि दोन्ही बाजूंना उभे कडे असतात, तिथे. कारण उघड आहे. एकाच फोटोत डोंगरही येतो आणि समुद्रही. रजा मात्र एकच खर्ची पडते. आतापर्यंत अडतीस जण जाऊन आले. सदतीस जणांनी कड्यावर दोन्ही हात पसरून फोटो काढला. अडतिसाव्याचा खांदा आखडला होता, त्याने डॉक्टरांचा दाखला जोडला.

हे सगळे फोटो जावक लिपिकांनी जेवणाच्या सुट्टीत, डबा गार होईपर्यंत पाहिले होते. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्यांचे डोंगर किती बघायचे? एकदा आपले आपण बघून येऊ."

दोघे फ्योर्डला गेले. तिथे जे घडले ते कोणत्याही रकान्यात बसत नाही, तरी सांगायला हवे. बोटवाल्याने मध्येच इंजिन बंद केले. खाली काळसर हिरवे पाणी, वर मान दुखेपर्यंत कडा, आणि कुठेतरी आत पडणारा धबधबा. एकतीस वर्षे गॅस, दूध आणि वीजबिल यांवर बोलत आलेल्या बायकोने नवऱ्याची बाही धरली. "काही बोलू नका हं," ती म्हणाली. लिपिकांना रडू आले, का आले ते कळलेही नाही. इंजिन पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यांना एकदम नियम आठवला आणि त्यांनी घाईघाईने फोटो काढला. त्यात नुसता डोंगर आला.

पडताळणी समितीने तो पाऊण तास न्याहाळला आणि शेरा मारला: 'डोंगर हजर असल्याचे दिसते. अर्जदार गैरहजर.'

"मी होतो हो तिथे! तिकिटं आहेत माझ्याकडे."

"तिकिटांवरून तुम्ही पोचलात एवढंच कळतं," समितीच्या अध्यक्ष, म्हणजे आस्थापना विभागाच्या बाई, मायेने म्हणाल्या. "थक्क झालात हे कशावरून?"

"डोळ्यांत पाणी आलं होतं, बाई."

"त्याचा फोटो आहे?"

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पुरावा नाही म्हणजे अकरा दिवस विनापरवाना गैरहजर, आणि सेवापुस्तकात सेवाखंडाची नोंद. ज्या माणसाने एकतीस वर्षांत पाच मिनिटांचाही उशीर केला नव्हता, त्याच्या पुस्तकात शेवटच्या पानावर खाडा लागणार होता. लिपिकांचे अन्नावरचे मन उडाले. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून दाढ ठणकू लागली.

दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत एक पूर्ण भिंतभर फ्योर्डचे चित्र चिकटवलेले होते. (आकाशात दिव्याचा खटका होता, पण वैद्यकीय सोयीपुढे इलाज नाही.) दाढ काढून लिपिक बाहेर आले. जबडा बधिर, तोंडाचा आ वासलेला, दोन्ही डोळ्यांतून धारा.

"थांबा! तस्सेच राहा," बायको म्हणाली आणि तिने त्यांना भिंतीपुढे उभे करून फोन रोखला.

"अअअ," लिपिकांनी तत्त्वाचा मुद्दा मांडला.

"खरं सांगून झालं ना? आता त्यांना पटेल असं सांगू या."

समितीने चार मिनिटांत निर्णय दिला: 'आश्चर्य समाधानकारक. अश्रू स्पष्ट. नमुना म्हणून जतन करावे.' लिपिक अखंड सेवेने निवृत्त झाले आणि त्यांचा फोटो प्रवेशद्वारात टांगला गेला. तेव्हापासून हात पसरलेले फोटो शेरा मारून परत येतात. अडतीसपैकी नऊ जण कड्यावर आ वासायला पुन्हा जाऊन आले, आणि उरलेल्यांनी दंतवैद्याकडे नंबर लावले आहेत.

बोट थांबली होती त्या जागेचा फोटो मात्र कुणी मागितला नाही. कधी चहा पिता पिता बायको नुसती बाही धरते.

दाढेचा फोटो कार्यालयाने माहितीस्तव सर्वत्र पाठवला. तो तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही त्याला लाल बदाम दिलात, 'एकदा तरी जायलाच हवं' असे लिहून बारा जणांना पुढे ढकललात. पुन्हा काढून पाहा. डाव्या कानामागे खटका दिसतो.