मालकासकट धुणं

आन्ते शुक्रवारी सकाळी दहा वाजता वर्ग आटपून घरी परतला, तेव्हा त्याचा हिरवा ओव्हरऑल शेगडीवरच्या दांडीला उलटा टांगलेला होता आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं. घरभर पाइनच्या साबणाचा वास सुटला होता. आन्ते दारातच उभा राहिला. खांद्यावरची पिशवी खाली पडली, तेही त्याला कळलं नाही.

"मावशी! हे काय करून ठेवलंस?"

"काय म्हणजे? धुतला." साइमीमावशी हात पुसत बाहेर आली. "पहाटे सहापासून पाटावर घासतेय. अरे, भिंतीला टेकवून ठेवला तर खाली पडेना! आपला आपण उभा! मला वाटलं, आत तू आहेस."

"गुडघ्यावरचा डाग कुठाय?"

"गेला!" मावशीचा चेहरा अभिमानाने फुलला. "वाटाण्याच्या सूपचा होता ना? दोनदा साबण लावला, तेव्हा कुठे सुटला मेला. बाहीवरचं डांबरही गेलं."

"मावशी, तो डाग नव्हता गं, ती स्लेजवरून घसरगुंडी केली त्या दिवसाची आठवण होती!"

"आठवण डोक्यात ठेवावी रे माणसाने. कपड्यावर कशाला?" असं म्हणून मावशीने टोपी चढवली, पायाने रेटत न्यायची ढकलस्लेज काढली आणि कॉफी आणायला दुकानात निघून गेली.

मावशी शहाणी बाई, पण ती कॉलेजात गेलेली नव्हती. गावातल्या कॉलेजच्या पोरापोरींना पहिल्या वर्षी हा ओव्हरऑल मिळतो, मेकॅनिक घालतात तसला, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा. प्रत्येक कार्यक्रमाचा कापडी बिल्ला त्यावर दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याने शिवायचा, कारण दुसरा दोरा तिथल्या थंडीत टिकत नाही. आणि ओव्हरऑल धुवायचा नाही. कधीच नाही. अगदीच धुवायचा झाला तर मालकासकट, म्हणजे मालक आत असताना. नुसता धुतला, तर सगळे बिल्ले उसवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

एरवी आन्तेने बिल्लेही उसवले असते. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी गोठलेल्या तळ्यावर रेनडिअरच्या शर्यती होत्या. कॉलेजला त्यात वर्षातून एकच फेरी मिळते, पहिल्या वर्षाच्या एकाच पोराला. स्कीवर उभं राहायचं, लगाम धरायचा आणि रेनडिअर ओढत नेईल तिकडे जायचं. यंदा तो मान आन्तेचा होता. 'तुइस्कु' नावाच्या एका चिडक्या रेनडिअरमागे तो नोव्हेंबरपासून आपटत होता. झोपेतसुद्धा त्याच्या मुठी आवळलेल्या असायच्या. धुतलेल्या ओव्हरऑलवाल्याला मात्र ही फेरी मिळत नाही. नियम म्हणजे नियम.

आणि नियम म्हणजे केर्त्तु. कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची ही अध्यक्षा चौथ्या वर्षाला होती, आणि तिचा शब्द प्राध्यापकही खाली पडू देत नसत. आन्ते ओला ओव्हरऑल पलंगाखाली कोंबायच्या बेतात होता, तेवढ्यात दार वाजलं, आणि उघडायची वाट न बघता केर्त्तु आत आली. तिच्या हातात शर्यतीचा नंबर होता.

"सात नंबर! शुभ आहे, माझा पण सातच होता." तिने नाक मुरडलं. "कसला रे हा वास? आणि हा... आन्ते, हा ओला आहे."

केर्त्तु पुढे होऊन ओव्हरऑल चाचपायला लागली. तिच्या स्वतःच्या गुडघ्यावर मोहरीचा एक पिवळाजर्द डाग होता. पहिल्या वर्षीच्या शेकोटीतल्या सॉसेजवरून तो पडला होता, आणि नव्या पोरांना ती तो देवळातल्या मूर्तीसारखा दाखवायची. चार वर्षं त्याला पाण्याचा थेंब लागला नाही, असं ती सांगायची.

"कुणी धुतला?"

"कुणी नाही! पडलो. तळ्यात पडलो, सकाळी. सरावाला गेलो होतो ना, बर्फ फुटला आणि पडलो."

"ओव्हरऑल घालून?"

"म्हणजे काय! आतच होतो मी."

"केस कोरडे कसे?"

"टोपी होती."

केर्त्तुने त्याला अशी मिठी मारली की त्याच्या बरगड्या कडाडल्या. "वेड्या! मालकासकट धुतला! अरे, दहा वर्षांत कुणाला जमलं नाही हे! याला खास बिल्ला देतात, सोनेरी काठाचा!" आन्तेला हायसं वाटलं. ते जेमतेम चार सेकंद टिकलं. "पण थांब. कुठे पडलास?"

"ते... शर्यतीच्या वळणापाशी."

केर्त्तुचं हसू मावळलं. "उद्या तिथून चाळीस रेनडिअर धावणारेत, आन्ते. आणि पाचशे माणसं उभी राहणारेत." आणि आन्तेने तोंड उघडायच्या आत तिने फोन कानाला लावला. "पिएतारीआजोबा? केर्त्तु बोलतेय. तुमचा बर्फ फुटलाय."

पिएतारीआजोबांनी चाळीस वर्षं तळ्यावरचा बर्फाचा रस्ता सांभाळला होता. निवृत्त झाले तरी गावात बर्फाबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांना बर्फ फुटला असं सांगणं म्हणजे एखाद्या आजीला तिच्या लोणच्याला बुरशी आली असं सांगणं. बारा मिनिटांत ते स्नोमोबाइलवरून गिरमिट घेऊन तळ्यावर हजर झाले. त्यांच्यामागे शर्यत समितीचे तिघे, त्यांच्यामागे सॉसेजची टपरी लावणारा, मग ट्रेलरात रेनडिअर भरून आणलेले मालक, स्वयंसेवी अग्निशामक दलाची गाडी, दिवे लावून, आणि ओव्हरऑल घातलेली मंडळाची एकोणीस पोरं. वाटेत एका बाईने आन्तेच्या खांद्यावर रेनडिअरचं कातडं टाकलं, दुसरीने लोकरीचे मोजे दिले, तिसरीने गरम कॉफीचा पेला हातात दिला आणि डोळे पुसले. कातड्याखाली ओला ओव्हरऑल होता. केर्त्तुनेच तो घालायला लावला होता. "पुरावा आहे तो," ती म्हणाली होती.

आजोबांनी पहिलं भोक पाडलं आणि मोजपट्टी आत सोडली.

"बाहत्तर सेंटिमीटर."

दुसरं भोक. "एकाहत्तर." तिसरं. "बाहत्तर." आजोबांनी गिरमिट बर्फात रोवलं आणि आन्तेकडे पाहिलं. "यावरून लाकडाचा ट्रक जाईल. तू किती किलोचा आहेस रे?"

"अडुसष्ट."

"हं."

आता खरा गोंधळ सुरू झाला. समितीतला एकजण म्हणाला, खाली कोमट झरा असणार. सॉसेजवाला म्हणाला, त्याच्या चुलत्याने एकोणऐंशी साली अगदी इथेच वाफ निघताना पाहिली होती. रेनडिअरवाल्यांनी जनावरं ट्रेलरमधून उतरवणार नाही असं सांगून टाकलं. कुणीतरी म्हणालं, हवामानच बदललंय, आता काय होईल सांगता येत नाही, आणि यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी समितीच्या अध्यक्षाने घसा खाकरला. "एका जिवापुढे शर्यत काय मोठी! रद्द करू."

एक फेरी वाचवायला आन्ते खोटं बोलला होता, आणि आता सगळ्या गावाची शर्यत चालली होती. ट्रेलरच्या फटीतून तुइस्कु त्याच्याकडे बघत होता. त्या चिडक्या जनावराने एवढ्या महिन्यांत त्याच्याकडे कधी प्रेमाने पाहिलं नव्हतं, आणि आताही पाहत नव्हतं, तरी आन्तेला रडू आलं.

"इथे नाही पडलो!" तो ओरडला.

सगळे वळले.

"मग कुठे?"

आन्तेने इकडे तिकडे पाहिलं. अख्ख्या तळ्यात उघडं पाणी एकाच जागी होतं. किनाऱ्यावरच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायऱ्यांसमोर, गावातल्या बायका रोज डुबकी मारायच्या तो कापलेला चौकोनी खड्डा. त्याला शिडी होती, कठडा होता, पाय घसरू नये म्हणून पायपुसणं होतं, वर दिवासुद्धा होता. त्यात चुकून आजवर कुत्रंसुद्धा पडलेलं नव्हतं.

"तिथे," तो पुटपुटला.

"शिडीवाल्या खड्ड्यात?" केर्त्तुने विचारलं.

"हो."

"दिवा असलेल्या?"

"सकाळी बंद होता."

आधी सॉसेजवाला हसला. मग समिती हसली, मग अग्निशामक दल, आणि मग मंडळाची ती एकोणीस पोरं, जी आत्तापर्यंत त्याच्याकडे वीराकडे बघावं तशी बघत होती. आन्तेचे कान लाल झाले. पण रेनडिअरवाल्यांनी ट्रेलरची दारं उघडली. शर्यत होणार होती. हसू देत, त्याला वाटलं, आयुष्यभर हसू देत, पण उद्या लगाम माझ्या हातात असू दे.

आन्तेला घेऊन सगळे तो खड्डा बघायला कठड्यापाशी आले, तेवढ्यात किनाऱ्यावरून ढकलस्लेजवर कुणीतरी सुसाट येताना दिसलं. स्लेजवर कॉफीच्या पिशव्या होत्या आणि मागे साइमीमावशी.

"आन्ते! अरे, बुडालास म्हणे! दुकानात कळलं मला! मला सांगायचं नाही का रे!" तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कधी पडलास?"

"मावशी, नंतर बोलू."

"सकाळी," केर्त्तु म्हणाली. "ओव्हरऑल घालून. मालकासकट धुतला मावशी, तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"सकाळी? ओव्हरऑल घालून?" मावशीने कपाळाला आठ्या घातल्या. "छे! सकाळी सहापासून तो माझ्या हातात होता. पाटावर घासत होते मी!"

केर्त्तु हळूहळू आन्तेकडे वळली. आन्ते एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक. तिसऱ्या पावलाला कठड्याचं उघडं तोंड होतं आणि त्यापुढे पाणी होतं.

डुबुक झालं.

वर आला तो निळा पडून, शिडीला लटकून, दातावर दात आपटत. "आ... आता... मालकासकट..."

"त्याने काय होतं?" केर्त्तुचा आवाज त्या पाण्याहून गार होता. "आधी मालकाशिवाय धुतला गेलाय. बिल्ले उसव. फेरी दुसऱ्याला."

"अगं, काय चाललंय तुमचं?" मावशीला काही उमजेना. "एवढं काय बिघडलं धुतला तर? तुझा पण धुतलाच की मी."

"काय?"

"ख्रिसमसला. तुला ताप होता, झोपली होतीस तू, तेव्हा तुझी आई घेऊन आली गुपचूप. म्हणाली, वास सहन होत नाही, पण पोरीला कळू देऊ नको हो साइमी." मावशी खाली वाकली आणि केर्त्तुच्या गुडघ्याकडे डोळे बारीक करून बघू लागली. "ही मोहरी मीच लावली परत. फोटो बघून. जरा जास्तच पिवळी झालीय, नाही का?"

केर्त्तुने गुडघ्यावर हात ठेवला. मग हात काढला आणि डागाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. मागे उभ्या असलेल्या एकोणीस जणांत चुळबुळ सुरू झाली.

"मावशी," एकजण घाबरत म्हणाला, "माझी आई पण तुमच्याकडे कॉफीला येते..."

"तुझं डांबर अवघड होतं रे," मावशी म्हणाली. "होडीचं लावलंय."

"आणि माझा?"

"तुझं सूप खरं आहे. तुझी आई कधी आलीच नाही." तो पोरगा आनंदाने एवढा मोठ्याने ओरडला की ट्रेलरमधले रेनडिअर दचकले. बाकीच्यांना आता कुणाच्याही डागाची खात्री वाटेना. मावशी मात्र अजून आन्तेकडेच बघत होती. "तुझंही परत लावणार होते रे. वाटाणे भिजत घातलेत घरी. तूच लवकर आलास."

केर्त्तुने टोपी काढली, फोन काढून पिएतारीआजोबांच्या हातात दिला, कठड्याच्या तोंडाशी आली आणि चार वर्षांचा ओव्हरऑल अंगावर ठेवूनच तिने धाडकन पाण्यात उडी मारली. वर येऊन तिने एकच आरोळी ठोकली, ती पैलतीरापर्यंत गेली.

"मालकासकट!"

मग कुणाला थांबवणं शक्य नव्हतं. खड्ड्यासमोर रांग लागली. एकेक जण उडी मारत होता, किंचाळत होता, शिडीने वर येत होता, आणि किनाऱ्यावर उभं राहून अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. सूपवाला पोरगासुद्धा रांगेत घुसला. त्याला गरज नव्हती, पण एकटं कोरडं राहणं त्याला बरं दिसेना. सॉसेजवाल्याने टपरी एक दिवस आधीच उघडली. मावशी पिशवीतून पाइनच्या साबणाची वडी काढून पुढे झाली.

"आलाच आहात तर पाठीचा मळही घ्या काढून!"

"तळ्यात साबण नाही, साइमी!" पिएतारीआजोबा गरजले.

"मग चला सगळे सौनात!"

वाफाळलेल्या सौनात एकवीस ओव्हरऑल एकमेकांना खेटून बसले, तेव्हा केर्त्तुने जाहीर केलं की मंडळाच्या नियमांनुसार आज सगळे धुतले गेले, सगळे मालकासकट, आणि आधीचं कुणी काढायचं नाही. कुणी काढलंही नाही. सात नंबर आन्तेकडेच राहिला.

शनिवारी सुरुवातीच्या रेषेवर तुइस्कुने मान मागे वळवून आन्तेचा ओव्हरऑल हुंगला. मोसमभर त्या जनावराने कुणासाठी घाई केली नव्हती. पण पाइनच्या साबणाचा तो वास नाकात जाताच त्याचे डोळे विस्फारले आणि शिट्टी व्हायच्या आधीच तो त्या वासापासून लांब पळत सुटला. आन्ते लगामाला लटकलेला असल्यामुळे वास काही मागे पडेना, आणि तुइस्कु काही थांबेना. गावाने असली धाव वीस वर्षांत पाहिली नव्हती.

चुकीच्या सुरुवातीबद्दल पाच सेकंद दंड धरूनही आन्ते दुसरा आला. बक्षीस देताना समितीच्या अध्यक्षाने रेनडिअरचं कौतुक केलं, सरावाचं केलं, बाहत्तर सेंटिमीटर बर्फाबद्दल पिएतारीआजोबांचंही केलं. पहिल्या रांगेत बसलेली साइमीमावशी शेवटपर्यंत मान ताठ करून वाट बघत होती. मग ती शेजारच्या बाईकडे वळली.

"साबणाचं नाव कुणी घेतलं का बघ!"